थोडं कमी पाणी

"ताई, धबधबा फुल्ल आहे ना?"

मृगाची पहिली सर पडून रस्ते वाळतात न वाळतात तोच हे फोन सुरू होतात. विचारणाऱ्याच्या मोबाईलमध्ये एक फोटो असतो. माळशेजचा काळू धबधबा, सगळे टप्पे पांढरेशुभ्र, वरचा ढगात गेलेला, खालचा तुषारांत बुडालेला. फोटो खोटा नसतो. फक्त तो वरून काढलेला असतो, बहुतेक ड्रोनने, आणि काळू ज्या दिवशी तसा दिसतो त्या दिवशी त्याच्या पायथ्याशी माणूस पोचत नाही. धबधब्यातून कोसळणारं पाणी आणि वाटेवर पुन्हापुन्हा आडवं येणारं पाणी एकच आहे. वर जेवढी शोभा, खाली तेवढी अडचण.

मी डोंबिवलीतल्या एका लहानशा ट्रेकिंग ग्रुपसाठी पावसाळी ट्रेक ठरवते. ठरवते म्हणजे तारखा काढते, बस बघते, जेवण सांगते, लीडरना ड्युट्या लावते, परवानग्यांच्या मागे फिरते आणि शुक्रवारी रात्री जायचं की नाही ते कळवते. बाकीची कामं कोणीही करेल. पैसे मिळतात ते या शेवटच्या कामाचे, अशी माझी समजूत आहे. आणि बऱ्याच पावसाळ्यांनंतर माझं मत असं झालंय की धबधब्याच्या ट्रेकला चांगला दिवस म्हणजे धबधबा जरा उणा असलेला दिवस. हे जाहिरातीत लिहिता येत नाही. "या, यंदा थोडं कमी पाणी बघायला या" असं कोण छापणार?

काळूचं पाणी घाटमाथ्यावरून, खिरेश्वर-माळशेजच्या अंगाने खाली मुरबाड तालुक्यात उतरतं. धबधब्याचे पाच टप्पे मोजतात आणि सगळे मिळून उंची हजार-बाराशे फूट सांगतात. हीच काळू नदी पुढे टिटवाळ्यावरून जाते आणि कल्याणच्या आसपास उल्हासला मिळते. म्हणजे आमच्या बसमधली टिटवाळ्याकडची मंडळी रोज लोकलमधून जी नदी ओलांडतात तिचंच माहेर बघायला निघालेली असतात, हे त्यांना बसमध्ये सांगितलं की गंमत वाटते. सह्याद्रीचा हा सगळा भाग लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. कठीण कातळ, मध्ये मऊ थर, पुन्हा कातळ. मऊ थर आधी झिजतो, वरचा कातळ पुढे डोकावतो, आणि पाणी टप्प्याटप्प्याने पडतं. कड्यावर माती नावापुरती. पडलेला पाऊस मुरायला जागाच नाही, तो थेट खाली येतो. त्यामुळे नदी अर्ध्या-पाऊण तासात चढते आणि वरचा पाऊस थांबला की काही तासांत उतरतेही. दिवाळी उलटली की धबधब्याची नुसती धार राहते, आणि उन्हाळ्यात तीही जाते. हंगामी धबधबा म्हणतात तो असा.

नियोजन मी सुरू करते ते एप्रिल-मे महिन्यात, पाणी नसताना. नव्या मुलांना हे विचित्र वाटतं. रेकीला पावसाळ्यातच जायला हवं ना, असं ती म्हणतात. पावसाळ्यातही जायचंच, पण नदीचं पात्र वाचायचं असेल तर ते कोरडं असतानाच वाचता येतं. कुठे पात्र रुंद आणि उथळ आहे, कुठे दोन खडकांमध्ये चिंचोळं होतंय, कुठे खाली डोह आहे, पाय सरकलाच तर माणूस कुठे जाऊन थांबेल, हे मे महिन्यातच दिसतं. सर्व्हे ऑफ इंडियाचा पन्नास हजारी नकाशा मी अजूनही उघडते. त्यात बारमाही पाणी निळं आणि कोरडे ओढे काळ्या रेषेत दाखवलेले असतात. धबधब्याच्या पायथ्याच्या थितबी गावापासून वर जाताना बाजूने येणारे छोटे ओढे असेच काळ्या रेषांचे. मोबाईलवर मिळणारे ट्रॅक बहुतेक डिसेंबर-जानेवारीत चाललेल्यांनी टाकलेले. त्यांची रेघ या काळ्या रेषा सरळ कापून जाते. डिसेंबरात तिथे फक्त दगड असतात. जुलैत त्याच रेघेवर डोळे लावून चालणारा माणूस थेट पाण्यात उतरतो.

मेमध्ये माझ्याबरोबर गावातले एक मामा असतात. मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा. भातशेती करतात, पावसाळ्यात वाट दाखवतात. एकदा एका वळणावर ते थांबले आणि काठीने वर दाखवलं. उंबराच्या फांदीच्या बेचक्यात गेल्या पावसाळ्याचा पाचोळा अडकलेला, त्यात वाळलेलं गवत, बांबूचे कपचे आणि खताच्या गोणीचा एक फाटका पांढरा तुकडा. माझ्या डोक्याच्या हातभर वर. पात्र तिथून चांगलं वीस पावलं लांब होतं. "इथवर येतंय पानी," एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी आम्ही नदीच्या उजव्या अंगाने, त्या उंबराच्याही वरून, झाडीतून गावाकडे परतायची एक वाट काढून ठेवली. करवंदीने हात फाडले, वेळ दुप्पट लागला. पण एकही मोठा प्रवाह न ओलांडता माणसं परत आणता येतील अशी एक वाट हातात आली. माझ्या लेखी ती सापडल्याशिवाय ट्रेकची तारीख काढायची नसते.

मग तारखा. मामांचं कॅलेंडर नक्षत्रांचं. मृग, आर्द्रा, मग पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, पुष्य म्हणजे म्हातारा, पुढे आश्लेषाचा आसळका, मघांचा सासूचा. माझं कॅलेंडर शनिवार-रविवारचं. दोन्ही शेजारी ठेवून आम्ही बसतो. त्यांचं म्हणणं एकच: म्हातारा जाऊ दे. पुष्य नक्षत्र 19-20 जुलैला लागतं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला संपतं. मी आधी याला गावची म्हण समजायचे. मग एकदा सहज तारखा मांडल्या. मुंबई बुडाली ती 26 जुलै 2005. दरडी कोसळल्या त्या अशा: माळीण 30 जुलै 2014. तळीये 22 जुलै 2021. इर्शाळवाडी 19 जुलै 2023. पुढल्या वर्षी, 25 जुलै 2024 ला, ताम्हिणीत चोवीस तासांत 556 मिलिमीटर पाऊस पडला आणि पुण्यात लोकांच्या घरांत पाणी शिरलं. तेव्हापासून पुष्याचे दोन आठवडे आमच्या पत्रकात कोरे असतात. धंद्याच्या दृष्टीने हे वेडेपण आहे, कारण सगळ्यात जास्त फोन त्याच दोन आठवड्यांत येतात.

हवामान खात्याचा अंदाज बघायची एक पद्धत या ठिकाणी मुद्दाम शिकावी लागते. थितबी ठाणे जिल्ह्यात, म्हणून सगळे ठाण्याचा इशारा बघतात. ठाणे पिवळा, चला. पण नदीत येणारं पाणी ठाण्यात पडत नाही, ते कड्यावर आणि कड्यामागे पडतं, आणि खिरेश्वर जुन्नर तालुक्यात, म्हणजे पुणे जिल्ह्यात. म्हणून बघायचा तो पुण्याच्या घाटमाथ्याचा इशारा. खातं तो वेगळा देतं. 64.5 मिलिमीटरपासून जोरदार, 115.6 पासून अतिजोरदार, 204.4 च्या वर अत्यंत जोरदार, हे आकडे आता मला तोंडपाठ आहेत. घाटमाथा नारिंगी झाला की मी बस रद्द करते, ठाण्यात ऊन पडलेलं असलं तरी. लाल असेल तर विषयच नाही. ज्या रविवारी डोंबिवलीत ऊन असतं आणि ट्रेक रद्द असतो त्या रविवारी माझा फोन सतत वाजतो आणि घरचे म्हणतात, उचलू नकोस.

सरकारी बाजू थोडक्यात सांगते. 2021 साली राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, त्याप्रमाणे आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. जंगलात जायला वनखात्याची परवानगी लागते. आणि पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईहुकूम निघतात. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ पाहिला नाही असा माणूस महाराष्ट्रात नसेल. दुसऱ्याच दिवशी नवा फौजदारी कायदा लागू झाला, आणि हुकमांवरच्या 144 कलमाच्या जागी 163 आलं. हुकूम असेल तर मी जात नाही. आमच्या क्षेत्रात "आतल्या वाटेने जाऊ, कोणी बघत नाही" असं म्हणणारे आहेत, आणि त्यांची वर्दळ वाढली की पुढच्या वर्षीचा हुकूम आणखी लवकर निघतो. त्यांच्यावर माझा राग आहे, तो लपवत नाही.

लोकांना वाटतं नियोजन म्हणजे दोर, कॅराबिनर, वॉकीटॉकी. ते असतंच. पण माझा सगळ्यात जास्त वेळ जातो गावातल्या एका ओसरीवर. तीस माणसं सकाळी साडेआठला उतरणार, त्यांना पोहे आणि चहा. परत येणार तीन-चारला, चिंब, भुकेली. तांदळाच्या भाकऱ्या, डाळ-भात, वालाची उसळ, आणि मामी खूश असल्या तर कुरडूची किंवा भारंगीची भाजी. हे सगळं चुलीवर, ओल्या सरपणावर, भात लावणीच्या दिवसांत. तिकडे लावणीला आवणी म्हणतात. आवणी चालू असताना घरातली बाई पहाटेपासून चिखलात वाकलेली असते. तिला आदल्या रात्री फोन करून "तीस ताटं" सांगणं बरं नव्हे. म्हणून ताटांचा आकडा गुरुवारी जातो, आणि बस रद्द झाली तरी ताटांचे पैसे द्यायचे असा आमचा नियम. पहिल्यांदा हा नियम मांडला तेव्हा ग्रुपमधले भागीदार म्हणाले, आपल्याला परवडणार नाही. मी म्हटलं, शुक्रवारी रात्री ट्रेक रद्द करताना माझ्या मनात मामींच्या ताटांचे पैसे घोळता कामा नयेत. तो खर्च आधीच धरलेला असेल तर निर्णय फक्त पाण्याकडे बघून घेता येतो. आता तो प्रत्येक माणसाच्या फीमध्येच धरलेला असतो.

आणखी एक गोष्ट, जी पत्रकात एका ओळीत असते आणि प्रत्यक्षात अर्धा दिवस खाते: बायकांची सोय. निम्मी बॅच मुलींची असते. उतरल्यावर संडास, परतल्यावर कपडे बदलायला कडी लागणारी खोली. पुरुष लीडर ही गोष्ट "होईल मॅनेज" म्हणून सोडून देतात. मॅनेज होत नाही. मुली मग सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि पावसात भिजत असल्यामुळे तहानही कळत नाही. दुपारी चढावर पायात गोळे येतात त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. गावातल्या दोन घरांशी ठरवून, त्यांना त्याचे वेगळे पैसे देऊन, मी हे कायमचं मिटवलं. एका घरातल्या आजी दाराबाहेर इरलं टेकवून बसतात आणि पोरांना फिरकू देत नाहीत.

आता नदी. काळूला जाणारी वाट नदीच्या संगतीने जाते आणि तिला ओलांडते. ओलांडायची जागा चिंचोळी निवडायची नाही, हे नवख्यांना पटत नाही. चिंचोळी जागा जवळची दिसते, दोन ढांगांत पार होईल असं वाटतं. पण तिथेच पाणी खोल आणि वेगाचं असतं. पात्र जिथे पसरलंय, पाणी नडगीपर्यंत आहे आणि खाली लगेच डोह किंवा उडी नाही, तिथून जायचं, मग पावलं चाळीस का पडेनात. सॅकचा कमरपट्टा सोडायचा, म्हणजे पडलात तर सॅक फेकता येते. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, तिरकं, काठी समोर, एक पाय रोवल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. बूट काढायचे नाहीत. दोर पाण्यावर आडवा लावला तर खालच्या बाजूला थोडा तिरका लावायचा, म्हणजे सुटलेला माणूस काठाकडे ढकलला जातो. आणि दोर हाताने धरायचा, कमरेला बांधायचा नाही. बांधलेला माणूस पाण्याखाली अडकतो.

तरण्या पावसातल्या एका रविवारी आम्ही तिसऱ्या ओलांडणीपाशी पोचलो. सकाळी पाणी उत्तम होतं, नितळ, तळाचे गोटे दिसत होते. गावात पाऊस नव्हता, मधूनच ऊनही पडत होतं. कडा मात्र ढगात गेलेला. मामा पाण्याच्या कडेला उकिडवे बसले आणि त्यांनी एक लिंबाएवढा पांढरा गोटा उचलून बरोबर पाण्याच्या ओळीवर ठेवला. मग तंबाखू काढली. मी माणसांना बिस्किटं वाटायला लावली. तंबाखू मळून, चुना लावून, झटकून दाढेखाली जाईपर्यंत गोटा अर्धा ओला झाला होता. थोड्या वेळाने तो पाण्याखाली होता, आणि पाण्यावरून कुजकी पानं आणि काटक्या यायला लागल्या होत्या. रंगही बदलला, चहाकडे झुकला. तळातून दगड सरकल्याचा आवाज येतो का तेही ऐकायचं असतं. तो अजून नव्हता. तो यायची वाट बघायची नसते.

"फिरा," मामा म्हणाले.

समोर धबधबा दिसत होता. अर्ध्या तासाची वाट उरली असेल. एक आयटीतला मुलगा, सभ्य, शिकलेला, मला म्हणाला, "मॅडम, पण इथे पाऊसच नाहीये." बरोबर होतं त्याचं. पाऊस जुन्नर तालुक्यात होता. मी त्याला पांढरा गोटा दाखवायला गेले तर तो दिसेना. घाई वेगळीच होती: मागे दोन ओलांडण्या झाल्या होत्या, आणि ही चढत असेल तर त्याही चढत असणार. पुढे जाता येत नाही हे कळायला जितका उशीर कराल तितकं मागे जाणंही हातातून जातं. आम्ही स्वीपला, म्हणजे सगळ्यात मागून चालणाऱ्या लीडरला, पुढे केलं, माणसांना मोजलं आणि मेमध्ये काढलेली उंबरावरची वाट धरली. करवंदी, चिखल, पायाला जळवा नसल्या तरी त्यांची भीती. गावात पोचायला वेळ लागला. खालच्या ओलांडणीवर आता माणूस टिकला नसता, हे वरून सगळ्यांनी पाहिलं. पण पाहिलं म्हणून राग गेला असं झालं नाही. ओसरीवर सगळे फुरंगटून जेवले. बसमध्ये पैशाचा विषय निघाला, आणि आठवडाभर चालला.

त्या आठवड्यात आमचा पैशांचा नियम लेखी झाला. आम्ही घरून रद्द केलं तर पैसे पुढच्या तारखेला वळते होतील किंवा परत मिळतील. नदीवरून परत फिरलो तर मिळणार नाहीत, कारण त्या दिवशी बस, जेवण, वाटाड्या, लीडर सगळ्यांनी पूर्ण काम केलेलं असतं. उलट जास्तच. काहींनी यावर आम्हाला एकच तारा दिला. देऊ देत. नदीवरून परत फिरल्याचे पैसे द्यायचे ठरवलं तर पुढचा लीडर गोट्याकडे बघताना आकडेमोड करेल.

परतीच्या रस्त्याचीही चौकशी ठेवावी लागते. कल्याण-मुरबाड रस्त्यावर रायत्याला उल्हास नदीचा पूल आहे आणि मोठ्या पावसात तो बंद होतो. डोंगरातून सुखरूप उतरलेली बस पुलापाशी रात्र काढते. म्हणून दुपारी चारनंतर लगेच गावातून बस सुटायला हवी, आणि ड्रायव्हरला बदलापूर किंवा भिवंडीकडून जायची वाट माहीत हवी. हे एवढंच, यात काव्य नाही.

खरी मजा कधी, असं मला विचाराल तर गौरी-गणपती गेल्यावर. सोनकी फुललेली असते, कातळावर तेरड्याचे गुलाबी पट्टे असतात, भात पोटऱ्यात आलेलं असतं. सकाळचे ढग लवकर उठतात. तेव्हा काळूचे टप्पे वेगवेगळे दिसतात. जुलैत ती सगळी एकच पांढरी भिंत असते, आणि तुषारांमुळे डोळे उघडे ठेवता येत नाहीत. सप्टेंबरात मात्र पाणी एका टप्प्यावर कुठे फुटतं, कोणत्या खोबणीतून वळतं, खालच्या कातळावर कसं पसरतं, ते नीट बघता येतं. बायका-मुलं, पन्नाशीचे काका, सगळे पायथ्याशी बसून शांतपणे डबा खाऊ शकतात. तिथे बसलेल्यांना पाणी कमी वाटल्याचं मी ऐकलेलं नाही.

पण सप्टेंबरात फोन येत नाहीत. तोवर सगळ्यांचे पावसाळ्याचे फोटो टाकून झालेले असतात, सुट्ट्या गणपतीत संपलेल्या असतात. आमचे भागीदार म्हणतात, त्या बॅचला मिनीबसचं भाडंही निघत नाही, कशाला लावतेस? मी लावते. यंदा मामांनी तारीख सांगितली, गौरी विसर्जनानंतरचा दुसरा रविवार, आणि मामींनीही आवणी-बेणणी उरकलेली असेल म्हणून ताटांना होकार दिलाय. मिनीबसला सतरा माणसं लागतात, तेरा नावं आली आहेत. उरलेल्या चार जागांसाठी आज दुपारी मी त्या रविवारी नदीवरून परत आलेल्यांनाच फोन लावले. दोघं येतो म्हणाले. आयटीतल्या मुलाने आईला आणू का, तिला झेपेल का, असं विचारलं; मी गुडघ्यांचं विचारून हो म्हटलं. चौथ्याच्या घरी त्या दिवशी सत्यनारायण आहे.